पारंपरिक म्हणजे कोणाच्या बापाचं?

शब्द : पारंपरिक. संगीत : पारंपरिक.

रेकॉर्डच्या कव्हरवर, कॅसेटच्या आतल्या कागदावर, आता मोबाईलवर गाणं वाजताना खालच्या बारीक अक्षरांत, हे तुम्ही हजार वेळा वाचलंय. हा पारंपरिक नावाचा इसम मोठा कर्तबगार दिसतो. त्याने लावण्या लिहिल्या, गवळणी लिहिल्या, पोतराजाची पदं बांधली, जात्यावरच्या ओव्या रचल्या, वाघ्यामुरळीला चाली दिल्या, हलगीचे ठेके बसवले. एवढं करून गड्याने कधी एक पैसा मागितला नाही. कधी कोर्टाची पायरी चढला नाही. कधी कुणाला म्हणाला नाही की बाबा, हे माझं आहे. त्याला घर नाही, गाव नाही, जात नाही, पोरंबाळं नाहीत, आणि तो मरतही नाही.

मालकाला असाच गडी पाहिजे असतो.

आमच्या बापजाद्यांचं गावात काय होतं? मेलेलं ढोर ओढा, सांगावा घेऊन पळा, सरपण फोडा, लग्नात वाजवा, मयतीत वाजवा. काम त्यांचं आणि नाव जातीचं. "महाराला बोलवा रे", "मांगाला सांगून ठेवा". ढोर ओढणाऱ्याला आईने ठेवलेलं एक नाव आहे हे गावाच्या ध्यानातच यायचं नाही. १९५८ साली मुंबई राज्याने कायदा करून ही कनिष्ठ गावकामगारांची वतनं मोडीत काढली. कागदावर महारकी गेली. पण गाण्यातली महारकी? ती चालूच हाय. तिचं नवं शास्त्रीय नाव पारंपरिक. लोकसाहित्याचे विद्वान ते नाव मोठ्या प्रेमाने घेतात आणि डोळे मिटून मान डोलवतात.

आम्ही विचारतो, पारंपरिक म्हणजे कोणाच्या बापाचं?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाणं आभाळातून गळत नाही. भिंतीवर शेवाळ येतं तसं ते 'लोकां'वर उगवत नाही. कुणीतरी एक माणूस किंवा एक बाई ते करते. शब्द जुळवणारा एक. चाल बांधणारा एक. ठेका धरणारा एक. गळ्यातून काढणारा एक. कधी ही चारही माणसं एकाच फाटक्या सदऱ्यात असतात, कधी चार वेगळ्या खोल्यांत. पण ते काम असतं. घाम येतो. रात्र जाते. एक शब्द बसत नाही म्हणून माणूस विडीवर विडी ओढत बसतो. वीटभट्टीवरच्या विटेइतकंच हे श्रमाचं काम आहे. विटेचा दर तरी ठरलेला असतो.

आणि ही चार कामं वेगळी आहेत हे आपल्याकडे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. पेशवाईतल्या तमाशाचं नाव बघा, होनाजी बाळा. हा एक माणूस नाही. होनाजी शब्द रचायचा, बाळा करंजकर गायचा. फडाच्या नावातच दोघं बसले. दोनशे वर्षांपूर्वीच्या फडाला जे कळत होतं ते आजच्या कंपनीला कळत नाही असं कसं म्हणावं? कळतं. सोयीचं नाही. पण त्या काळच्याही त्याच फडांतली ढोलकी कोणाची, तुणतुणं कोणाचं, बोर्डावर नाचणारी बाई कोण, हे विचारा. राम जोशी ठाऊक, अनंत फंदी ठाऊक, प्रभाकर ठाऊक. नाचणारीचं नाव विचारलं की विद्वान ग्रंथ मिटवतात. पुढे पवळाचं नाव राहिलं ते पठ्ठे बापूरावांच्या गोष्टीतली बाई म्हणून. बापूराव ब्राह्मणाचा, कुळकर्ण्याचा पोर. जात सोडून तमाशात आला, लावण्या लिहिल्या, आणि १९४५ साली हलाखीत मेला. त्याच्या जिद्दीबद्दल आम्हाला आदर आहे. पण ती लावणी रात्रीमागून रात्र ज्या गळ्यातून निघाली, ज्या पायांनी तोलली, त्या महाराच्या पोरीने त्यात काय घातलं याचा हिशेब कोणी लिहून ठेवला? शब्द कागदावर आले. पवळाचं काम हवेत विरलं. कागद ज्याच्या हाती, इतिहास त्याच्या खिशात.

आता म्हणतील, अहो, गाणं लोकांच्या तोंडी बसलं की नाव पुसलं जातंच. हा निसर्गाचा नियम. यातच कवीचा मोठेपणा.

ठीक. मग दुसरीकडे बघू. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ५६ गाणी. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं. गोष्ट हजारो वर्षांची, घराघरात आजी सांगते ती. त्या अर्थाने याहून पारंपरिक काही नाही. गाणी लाखो तोंडी बसली. सत्तर वर्षं झाली. एका तरी माणसाने त्याला पारंपरिक म्हटलं? नाही म्हटलं. प्रत्येक कार्यक्रमात आधी गदिमा, मग बाबूजी, मग गाणं. आणि तेच बरोबर आहे. माडगूळकरांनी कष्ट केले, त्यांचं नाव राहिलंच पाहिजे. त्यांचं नाव राहिलं याचं आम्हाला तिळमात्र दुःख नाही. सवाल एवढाच, की जो निसर्गनियम तुम्ही आमच्या शाहिराला लावता तो गीतरामायणाला का लागत नाही? हा कसला निसर्ग, जो गावकुसाच्या आत एक आणि बाहेर दुसरा?

आमच्या लोकांना नाव सांगायचं नव्हतं असंही नाही. मराठी कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत आला. ती त्याची मुद्रा. चोखोबानेही गुंफलं. चौदाव्या शतकातला मंगळवेढ्याचा महार, देवळाच्या दाराशी अडवलेला, पण अभंगात नाव घालताना अडत नाही. हे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने उतरवून घेतले असं परंपरा सांगते. लिहिणारा हात एकाचा, रचणारं डोकं दुसऱ्याचं. आता विचार करा, चोख्याने मुद्रा घातली नसती तर आज ते अभंग कोणाच्या नावावर असते? ज्याच्या हातात बोरू होता त्याच्या. किंवा मग आपल्या त्या पारंपरिकच्या.

आणि सोयराबाई. चोख्याची बायको, स्वतः कवी. तिच्या अभंगांत मुद्रा येते ती 'चोख्याची महारी'. कविता तिची, ओळख नवऱ्याची आणि जातीची. बाईचं नाव दोनदा पुसलं जातं. एकदा गाव पुसतं, एकदा घर. हे लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

त्याच मुद्रेच्या रीतीने आपल्या काळात वामनदादा कर्डक लिहीत राहिले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म, २००४ साली गेले. अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि मग हजारो गाणी. गावोगाव हिंडून, मिळेल ते खाऊन. शेवटच्या कडव्यात वामन. एका पुस्तकाचं तर नावच 'हे गीत वामनाचे'. म्हणजे माणसाने पुस्तकाच्या कपाळावर लिहून ठेवलं, बाबांनो, हे माझं आहे.

मग आपण स्टेजवर काय बघतो? वेळ कमी आहे, शेवटचं कडवं सोड. रेकॉर्डिंगमध्ये गाणं लांबतंय, शेवटचं कडवं काप. नेमकं तेच कडवं. दुसरं कापता आलं असतं की. शेवटचं कडवं कापणं म्हणजे शेताचा सातबारा फाडून टाकणं. त्यानंतर शेत कोणीही नांगरावं. 'वामन' शब्दाच्या जागी स्वतःचं नाव ठोकून देणारे बहाद्दरही आहेत, आणि त्यांना टाळ्या मिळतात. टाळ्या वाजवणारे कोण? आपणच.

आता कायद्याकडे या. नाक मुरडू नका. ज्या बापाने आपल्याला घटना दिली त्याच्या पोरांनी कायद्याचं पुस्तक बघून तोंड फिरवायचं नसतं.

१९५७ चा कॉपीराईटचा कायदा. शब्द लिहिणारा तो शब्दांचा कर्ता, संगीत करणारा तो संगीताचा कर्ता. इथवर बरं. पण संगीत म्हणजे काय? मूळ कायद्याची व्याख्या अशी की मेलडी किंवा हार्मनीची रचना, आणि तीही छापलेली, लिहिलेली किंवा रेखाटलेली. म्हणजे नोटेशन काढता येतं त्याचं ते संगीत. जो माणूस शेकोटीवर हलगी तापवून, रात्रभर गुणगुणून चाल बांधतो आणि दहा हजार लोकांना उभं करतो, त्याची चाल कायद्याच्या लेखी वारा. आणि ठेका? त्या व्याख्येत ठेक्याचं नाव नाही. आमचं अर्धं संगीत तर हलगीत आणि ढोलकीत. १९९४ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे मान्य झालं की चाल कागदावर उतरवली नसली तरी ती करणारा संगीतकारच असतो. म्हणजे ३७ वर्षं अक्षरशत्रू संगीतकार हा प्राणी भारताच्या कायद्यात अस्तित्वातच नव्हता. मनुस्मृती जाळून तीस वर्षं झाल्यावर केलेला हा कायदा. ज्ञान कागदावरच असतं, आणि कागद काही जातींकडेच असतो, ही समजूत त्यात तशीच राहिली.

पुढे बघा. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की सिनेमाच्या निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं आणि उलट करार नसला, तर गाण्याचा पहिला मालक निर्माता. गीतकार, संगीतकार मोबदला घेऊन बाजूला. गायकाला तर कायद्यात काहीच हक्क नव्हता, ही उणीव न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालाला वेगळी टीप जोडून दाखवली. गाणारे-वाजवणारे यांना कलावंत म्हणून हक्क मिळाला तो पुन्हा १९९४ च्या दुरुस्तीत.

आणि ही गंमत ऐका. १९८४ साली, कॅसेटचा धंदा भरात येत होता आणि चोरटी कॉपी वाढली होती तेव्हा, कायद्यात कलम ५२-अ घातलं. रेकॉर्डवर आणि तिच्या वेष्टनावर काय छापायचं? रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव आणि पत्ता. हक्काच्या मालकाचं नाव आणि पत्ता. पहिल्या प्रसिद्धीचं साल. शब्द लिहिणाऱ्याचं नाव? सक्ती नाही. चाल करणाऱ्याचं? सक्ती नाही. मालकाचा पत्ता पिनकोडसकट लागतो, कवी असला काय नि नसला काय. मग कव्हरवर कोणी लिहिलंच तर लिहिलं, नाहीतर पारंपरिक म्हणून हात झटकले.

सिनेमातले गीतकार-संगीतकार भांडले. जावेद अख्तर राज्यसभेत बोलले. २०१२ साली पुन्हा दुरुस्ती झाली. आता सिनेमातलं गाणं सिनेमागृहाबाहेर वाजलं, किंवा साध्या रेकॉर्डवरचं गाणं वाजलं, तर रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकाराचा आणि संगीतकाराचा. आणि हा वाटा त्यांना विकताच येत नाही. वारसाला देता येतो, कॉपीराईट सोसायटीला सोपवता येतो, बाकी कोणाला नाही. कोणी हजार रुपये हातावर टेकवून कागदावर सही घेतली तरी हा वाटा शाबूत. कलम ५७ आणखी पुढचं सांगतं, की सगळे हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलं' हे म्हणायचा हक्क कर्त्याकडेच राहतो. म्हणजे नाव हा दयेचा तुकडा नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण हे आपल्या वस्तीतल्या शाहिराला कोणी जाऊन सांगितलं?

पारंपरिक हा शिक्का कसा काम करतो ते बंगालात बघा. बीरभूम जिल्ह्यातले रतन कहार. १९७२ साली त्यांनी एक गाणं रचलं. १९७६ साली ते स्वप्ना चक्रवर्तींच्या आवाजात रेकॉर्ड झालं, गाजलं. गाणं राहिलं, कहारांचं नाव मात्र गाण्याबरोबर फिरलं नाही. लोकगीत म्हणून ते बंगालभर गेलं. २०२० साली बादशाह नावाच्या रॅपरने त्याच गाण्याच्या ओळी उचलून आपलं गाणं काढलं, कोट्यवधी लोकांनी बघितलं. कहारांचं नाव नाही. बंगाली लोकांनी बोंब मारली. बादशाहचं म्हणणं, आधीच्या कुठल्या रेकॉर्डिंगवर मला हे नाव दिसलंच नाही. आणि तो खोटं बोलत होता असं म्हणायचं कारण नाही. हीच तर या शिक्क्याची करामत. पहिल्याने नाव पुसलं की दुसरा निर्दोष ठरतो, तिसरा तर लोककलेचा आश्रयदाता ठरतो. बादशाहने कहारांना पाच लाख रुपये दिले, २०२४ साली सरकारने पद्मश्री दिली. चांगलं झालं. पण १९७६ पासून २०२० पर्यंतच्या ४४ वर्षांचा हिशेब कोण देणार? आणि कहार जिवंत होते म्हणून सापडले. मेलेल्यांचं काय?

मेलेल्याची गोष्ट आफ्रिकेतली. १९७२ साली मुंबईत पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या भावांकडून. म्हणून ही गोष्ट आपल्याच घरातली समजा. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा झुलू माणूस होता. १९३९ साली जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत त्याने 'म्बुबे' नावाचं गाणं गायलं. रचलं त्याने, गायलं त्याने. हक्क कंपनीने घेतले दहा शिलिंगांत. ती रेकॉर्ड अमेरिकेत पीट सीगरच्या हाती पडली. लिंडाचा झुलू शब्द त्याला नीट ऐकू आला नाही, त्याने 'विमोवे' ऐकलं, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या मंडळींनी तेच गाऊन गाजवलं. रेकॉर्डवर कर्ता म्हणून नाव लागलं पॉल कॅम्पबेल. हा पॉल कॅम्पबेल कोण? कोणीच नाही. पारंपरिक म्हणून उचललेल्या गाण्यांवर लावायला घेतलेलं खोटं नाव. जिवंत काळ्या माणसाच्या जागी अस्तित्वात नसलेला गोरा माणूस बसवला! १९६१ साली त्यावर इंग्रजी शब्द चढले, 'द लायन स्लीप्स टुनाईट' म्हणून जगभर वाजलं. १९६२ साली लिंडा दारिद्र्यात मेला. १९९४ साली डिस्नेच्या 'लायन किंग'मध्ये गाणं आलं. २००४ साली त्याच्या पोरींच्या बाजूने कोर्टात दावा पडला. आधार होता १९११ च्या ब्रिटिश साम्राज्याच्या कायद्याचा, ज्यात कर्ता मेल्यावर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत यायचे. २००६ साली तडजोड झाली, पैसे मिळाले, लिंडाचं नाव गाण्याला लागलं. म्हणजे ६७ वर्षांनी.

यातला पीट सीगर ध्यानात ठेवा. तो दरोडेखोर नव्हता. डावा माणूस, कामगारांचा, काळ्यांच्या लढ्यातला. लिंडाचं कळल्यावर त्याने हजार डॉलर पाठवले आणि पुढची रॉयल्टीही त्याला द्या म्हणून सांगितलं. तरी नाव पुसलं गेलंच. का? कारण काळ्याचं गाणं म्हणजे रानातलं जुनं काहीतरी असणार, ते कुणा एकाने कालपरवा बसून रचलेलं असेल हे चांगल्या माणसाच्याही डोक्यात येत नाही. इथल्या पुरोगामी लोकसाहित्यवाल्यांचं डोकं असंच चालतं. त्यांना आमच्यात 'समूहमन' दिसतं, 'मातीचा गंध' दिसतो. माणूस दिसत नाही.

आता घरात वळतो. घरातल्यांना वेगळा न्याय नाही.

आपल्यातले काही साथी म्हणतात, नाव कशाला? गाणं चळवळीचं. नावाची हाव हा मध्यमवर्गी रोग. वा रे साथी! मग पत्रकाच्या तळाशी अध्यक्ष, सरचिटणीस, निमंत्रक यांची नावं क्रमवारीने कशाला छापता? त्यातला एक क्रम चुकला तर गट फुटतो. जयंतीच्या बॅनरवर वर्गणी देणाऱ्या बिल्डरचा चार फुटी फोटो, नगरसेवक हात जोडून, त्याच्या मागे त्याचा पोरगा गॉगल लावून, आणि खाली दिवसभर ज्याचं गाणं वाजतं त्याच्या नावाला इंचभर जागा नाही. चळवळीसाठी निनावी व्हायचं ते फक्त शाहिराने? आपल्याकडे प्रत्येक सभेत सांगतात की बाबासाहेबांना जलशाची ताकद ठाऊक होती. मग १९३० च्या दशकात दिवसा मजुरी करून रात्री जलसे करणाऱ्यांपैकी पाच नावं सांगा. भीमराव कर्डकांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिलं म्हणून निदान काही नावं कागदावर राहिली. तेही नसतं तर तिथेही पारंपरिक बसला असता.

प्रल्हाद शिंदेंचा आवाज एका सुरात ओळखणारा पोरगा त्याच गाण्याचे शब्द कोणाचे हे विचारलं की डोकं खाजवतो. गायक मोठाच. गळा ही पण मेहनत. पण गायकाच्या सावलीत कवी झाकला जातो तेव्हा सावली मोठी झाली म्हणून टाळ्या पिटायच्या नसतात. आणि उलटंही खरं. भीमगीताला सिनेमाची चाल घेतली असेल तर तेही उघड सांगा, मूळ संगीतकाराचं नाव घ्या. दुसऱ्याचं नाव खाणाऱ्याला स्वतःच्या नावासाठी भांडता येत नाही.

कोणी म्हणेल, काही गाणी खरंच कुणा एकाची नसतात, पिढ्यापिढ्यांनी फिरून घडतात. कबूल. जात्यावरची ओवी घ्या. सासूने म्हटली, सुनेने एक शब्द बदलला, लेकीने दुसऱ्या गावात नेली. पण म्हणून हात झटकायचे? पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून माणसं गावोगाव पाठवून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आपल्या आया-आज्ज्यांनी केलेल्या. ओवीपुढे काय लिहिलं? गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. झालं की नाही? लाखभर ओव्यांना जमतं ते दहा गाण्यांच्या अल्बमला जमत नाही? ज्या बाईला घरातही 'अमक्याची आई' म्हणून हाक मारतात तिचं स्वतःचं नाव तिथे ओवीपुढे लागलं. सोयराबाईची परतफेड अशी करायची असते.

आता काय करायचं ते बोलू. नुसता शिव्यांचा पाऊस पाडून घरी जायचं नाही.

एक. स्टेजवर गाणं सुरू करण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे मोठ्याने सांगायचं. ठाऊक नसेल तर म्हाताऱ्यांना विचारायचं. साहिर लुधियानवीने आकाशवाणीवर गीतकाराचं नाव घेतलं जावं म्हणून आग्रह धरला. आपण आपल्या माईकवर तरी घेऊ शकतो.

दोन. शेवटचं कडवं कापायचं नाही. वेळ नसेल तर मधलं सोडा.

तीन. वस्तीतल्या प्रत्येक शाहिराची वही शोधायची. ट्रंकेत असेल, कुणाच्या माळ्यावर असेल, उंदीर खात असतील. तिची नक्कल करायची, गाण्याखाली नाव, गाव, साल, कोणी वाजवलं, कोणी पहिल्यांदा गायलं, सगळं लिहायचं. ढोलकीवाल्याचंही. आपल्या देशात कॉपीराईट मिळायला नोंदणी सक्तीची नाही, गाणं झालं की हक्क जन्मतो. पण भांडायची वेळ आली की पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ती वही.

चार. कोऱ्या कागदावर सही नाही. तोंडी व्यवहारावर गाणं द्यायचं नाही. हक्क लिहून दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. हे दोन्ही कायद्यात आहे. कंपनीचा माणूस सांगणार नाही, तुम्ही सांगा.

पाच. वारसांना शोधा. कर्ता मेल्यानंतर साठ वर्षं हक्क जिवंत असतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरचा हक्क २०२९ च्या शेवटापर्यंत आहे. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर १९९७ साली ज्याने स्वतःला संपवलं त्या विलास घोगरेच्या गाण्यांवरचा २०५७ पर्यंत. वामनदादांचा २०६४ पर्यंत. या गाण्यांचा जिथे जिथे धंदा होतो तिथे जाऊन विचारा, हक्क कोणी दिला, कधी दिला, कागद दाखव. आवाज चढवायची गरज नाही. कागद दाखव एवढंच म्हणायचं. पिढ्यानपिढ्या तेच आपल्याला म्हणत आले.

कोणी म्हणेल हे किरकोळ आहे, भाकरीचा प्रश्न मोठा आहे. अरे, ज्याच्या गाण्यावर मंडप उभा राहतो, डीजेवाला भाडं घेतो, कंपनी कमावते, पुढारी निवडून येतो, त्याची म्हातारी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी असते. हा भाकरीचाच प्रश्न आहे. गाणं हे आपल्या लोकांनी पिकवलेलं असं पीक आहे जे काढायला कोणाच्या शेताची परवानगी लागली नाही. तेवढं एक पीक आपल्या मालकीचं होतं. त्याचंही खळं दुसऱ्याच्या अंगणात लागलं.

येत्या चौदा एप्रिलला तुमच्या चौकात पहिलं गाणं लागेल तेव्हा डीजेजवळ जा आणि विचारा, शब्द कोणाचे? चाल कोणाची? तो म्हणेल, ठाऊक नाय भाऊ, पारंपरिक असेल. तेव्हा गाणं थांबवा. नाव शोधून आणा, माईकवर सांगा, आणि मग वाजू द्या.